तळाशी बसणाऱ्या बाससाठी वजनाची रिग कशी निवडावी

अमेरिकेतल्या टॅकलच्या (मासेमारीच्या सामानाच्या) दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस वजनांच्या भिंतीसमोर हमखास गोंधळतो. गोळी, अंडं, थेंब, नळकांडं, छत्री असे आकार आणि प्रत्येक आकारात आठ-दहा मापं. मग विक्रेता सांगेल ते उचललं जातं किंवा व्हिडिओत पाहिलेली रिग (लाइनवर वजन, गळ आणि आमिष बांधण्याची रचना) डोळे मिटून बांधली जाते. खरं तर निवड तीनच गोष्टींवर ठरते: तळ कसला आहे, पाणी किती खोल आहे आणि मासा तळाला चिकटून आहे की तळापासून हातभर वर. हा लेख लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ या दोन जातींच्या बास माशांसाठी, मऊ प्लास्टिकची आमिषं वापरणाऱ्या नवख्यांसाठी आहे. टेक्सस, कॅरोलिना, ड्रॉप शॉट, नेड आणि शेकी हेड एवढ्या पाच रिग आल्या की वर्षातले बहुतेक दिवस निभावतात.

१. आधी परवाना आणि शिशाचा नियम

मासेमारीचा परवाना राज्य देतं. न्यू जर्सीत वयाच्या १६व्या वर्षापासून तो लागतो, टेक्ससमध्ये १७व्या वर्षापासून. 'रेसिडेंट' (रहिवाशांसाठीचं) शुल्क त्या राज्यात किती काळ राहिलात यावर ठरतं, म्हणून पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारतात. एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसावरच्या ज्यांच्याकडे तो नसतो, त्यांचा ऑनलाइन अर्ज तिथेच अडकू शकतो. अशा वेळी पासपोर्ट घेऊन परवाने विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर जावं. टेक्ससच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला सराव करायला ती जागा उत्तम.

दुसरा नियम वजनाच्या धातूचा. लून नावाचा पाणपक्षी तळातले खडे गिळताना शिशाची वजनंही गिळतो आणि विषबाधेने मरतो. म्हणून ईशान्येकडच्या राज्यांनी लहान शिशावर बंदी घातली आहे. न्यू हॅम्पशायर, मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण एक औंसापर्यंतची, तर व्हरमाँटमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं वापरता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद आहे. न्यू जर्सीतून सुट्टीसाठी उत्तरेकडे जाणाऱ्यांनी वजनांचा डबा तपासूनच निघावं. किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीचे, हे राज्यागणिक आणि काही ठिकाणी तलावागणिक बदलतं. टेक्ससमधल्या लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो.

२. रिगच्या आधी तळ ओळखा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. लाइनला ३/८ औंसाचं टंगस्टनचं वजन नुसतंच बांधा. गळही नको, आमिषही नको. लांब फेका, तळाला टेकू द्या आणि रॉड आडवा ठेवून हळू ओढा.

चिखलात वजन कणकेतून बोट ओढल्यासारखं येतं, जड आणि आवाज न करता. बारीक खडीवर रॉडच्या टोकाला सतत बारीक टिकटिक जाणवते. शिंपल्यांचा थर असेल तर तीच टिकटिक जास्त कडक आणि खरखरीत होते. मोठ्या दगडांवर वजन थांबतं, रॉड थोडा वाकतो, मग ठक्कन सुटतं. पाणवनस्पतीत ओढ हळूहळू वाढत जाते आणि लवचिक वाटते. झटका दिला तर पान तुटून वजन सुटतं. लाकडावर चढताना मऊ अडथळा लागतो आणि पलीकडे वजन पडलं की क्षणभर लाइन सैल होते.

अर्धा तास एवढंच केलं तर त्या किनाऱ्याचा नकाशा हाताला कळतो. जिथे एक तळ संपून दुसरा सुरू होतो, म्हणजे चिखल संपून खडी लागते किंवा गवताची कड येते, तिथे बास थांबण्याची शक्यता जास्त. रिग त्या जागेसाठी निवडायची.

३. वजन किती?

एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. त्यानुसार १/८ औंस साडेतीन ग्रॅम, पाव औंस सात, ३/८ औंस साधारण साडेदहा आणि अर्धा औंस चौदा ग्रॅम.

नियम एकच: तळ ज्यात स्पष्ट जाणवतो ते सर्वांत हलकं वजन. हलकं वजन सावकाश पडतं, आणि बास बऱ्याचदा आमिष पडत असतानाच घेतो. जड वजन दगडाच्या फटीत लवकर रुततं आणि चिखलात आमिषासकट गाडलं जातं. मात्र वारा सुटला आणि लाइनला पोट पडलं की हलक्या वजनाचा उपयोग संपतो. तळ लागला की नाही हेच कळत नसेल, तर लगेच एक माप वर जा. त्यात कमीपणा नाही.

काठावरून सहा-सात फूट पाण्यात ३/१६ किंवा पाव औंसाने सुरुवात करा. दहा ते पंधरा फुटांत ३/८. वीस फुटांपेक्षा खोल पाण्यात किंवा वाऱ्यात अर्धा औंस. दाट गवताचं छत भेदायचं असेल तर हिशोबच वेगळा, तिथे एक ते दीड औंस लागतं.

टंगस्टन की शिसं? शिशाची घनता ११.३, शुद्ध टंगस्टनची १९.३ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर). बाजारातली टंगस्टनची वजनं मिश्रधातूची असल्याने थोडी कमी भरतात, तरी त्याच वजनाला आकार बराच लहान होतो आणि धातू कडक असल्याने तळ हाताला नीट लागतो. किंमत कित्येक पट. खिशाकडे बघून तोड अशी: ज्या रिगमध्ये वजनाने तळ वाचायचा आहे (टेक्सस, कॅरोलिना) तिथे टंगस्टन घ्या. ज्यात वजन सारखं अडकून तुटणार आहे (दगडातली ड्रॉप शॉट) तिथे स्वस्त शिसं, जिथे कायदा परवानगी देतो तिथे.

४. टेक्सस रिग: पहिली हीच शिका

लागणारं सामान: बुलेट वजन, रबरी स्टॉपर, ३/० आणि ४/० मापाचे ईडब्ल्यूजी ऑफसेट (रुंद बाकाचे, खांद्याशी वळलेले) गळ, १५ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) फ्लुरोकार्बन लाइन.

गळाच्या मापाबद्दल एक गोष्ट पक्की करून घ्या. '/०' असलेल्या मापात आकडा वाढला की गळ मोठा होतो, म्हणजे ४/० हा ३/० पेक्षा मोठा. नुसत्या आकड्यात उलटं असतं: ४ नंबरचा गळ २ नंबरपेक्षा लहान. ऑनलाइन मागवताना लोक इथेच फसतात. पाच इंची स्टिकला (काडीसारख्या मऊ आमिषाला) ३/० किंवा ४/०, सात इंची वर्मला (गांडुळासारख्या आमिषाला) ४/०, दहा इंचीला ५/० घ्या.

बांधणी अशी. लाइनवर आधी रबरी स्टॉपर चढवा, मग बुलेट वजन (टोकदार बाजू रॉडकडे), मग गळ. गळाचं टोक वर्मच्या नाकात मधोमध पाव इंच आत घाला आणि बाजूने बाहेर काढा. गळ ओढत वर्मचं नाक गळाच्या वळलेल्या खांद्यावर येऊ द्या. आता गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक वर्मच्या अंगाकडे वळेल. वर्म मोकळी लोंबकळू द्या आणि गळाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. त्याच खुणेवर टोक आरपार काढा आणि बाहेरच्या बाजूला कातडीत हलकंच लपवा.

खूण नेमकी हवी. एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे झालं तर वर्म वाकते, ओढताना पाण्यात गरगर फिरते आणि लाइनला पीळ पडतो. फेकण्याआधी रिग डोळ्यांसमोर धरून बघा. वर्म गळावर काडीसारखी सरळ दिसली पाहिजे. वाकडी असेल तर परत टोचा, पण जुन्या भोकातून नको. तिथे प्लास्टिक फाटलेलं असतं आणि दोन फेकींत वर्म खाली सरकते.

स्टॉपर वजनाला चिकटवायचा की नाही? गवतात, झुडपात, बुडालेल्या झाडांत चिकटवा. नाहीतर वजन फांदीच्या एका बाजूला आणि वर्म दुसऱ्या बाजूला राहते. मोकळ्या तळावर स्टॉपर फूटभर वर सरकवा, म्हणजे वर्म वजनामागून सावकाश खाली येते.

टेक्ससमधल्या सॅम रेबर्न तलावातली हायड्रिला ही पाणवनस्पती, अलाबामातल्या गंटर्सव्हिलचं गवत, लेक फोर्कची बुडालेली झाडं, या सगळ्या ठिकाणी ही रिग आधी. गळाचं टोक लपलेलं असल्याने ती फारशी अडकत नाही. भारतात सुट्टीला गेलात तर शेवाळाने भरलेल्या तळ्यात मरळीसाठीही हीच बांधणी चालते, वजन फक्त अगदी हलकं ठेवा किंवा काढूनच टाका.

५. कॅरोलिना रिग: मोठा, मोकळा तळ शोधायला

मुख्य लाइनवर क्रमाने अर्धा ते एक औंस वजन, एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी). स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला दोन ते तीन फूट लीडर (लाइनचा वेगळा जोडतुकडा) आणि त्याच्या टोकाला ३/० गळावर लिझर्ड (सरड्यासारखं) किंवा क्रीचर (पाय-शेपट्या असलेलं) प्रकारचं आमिष. पाऊण औंसाने सुरुवात करा. मुख्य लाइन १५ ते २० पौंडी, लीडर त्याहून हलका, १२ पौंडी. गळ अडकून तुटला तरी वजन आणि स्विव्हल परत मिळतात, हा त्याचा फायदा.

मणी शोभेचा नाही. वजन आपटून स्विव्हलची गाठ झिजू नये म्हणून तो असतो, शिवाय टकटक आवाजही होतो. काचेचा मणी टंगस्टन आपटून तडकला तर त्याचीच कड लाइन कापते, म्हणून नवख्यांनी प्लास्टिकचा घ्यावा.

ओढताना रीळ फिरवायचं नाही. रॉड आडवा बाजूला न्या, वजन फूट-दोन फूट सरकवा, थांबा, मग रॉड परत आणताना सैल लाइन गुंडाळा. उन्हाळ्यात मासे पंधरा-पंचवीस फुटांवरच्या खडीच्या उंचवट्यांवर जातात, तेव्हा या रिगइतका भराभर तळ चाळणारा प्रकार दुसरा नाही. गवतात आणि झुडपात मात्र ती नेऊ नका. तीन फूट लीडर काय काय गोळा करून आणेल ते सांगता येत नाही. लहान तळ्यावर काठावरून फेकायलाही ती गैरसोयीची आहे.

६. ड्रॉप शॉट: मासा तळापासून वर असेल तेव्हा

इथे क्रम उलटा. वजन सर्वांत खाली, गळ त्याच्या वर आठ ते बारा इंचांवर. तळात शेवाळ असेल तर गळ दीड फूटही वर घ्या. सामान: १ किंवा १/० मापाचा लहान ड्रॉप शॉट गळ, ६ ते ८ पौंडी फ्लुरोकार्बन, १/४ किंवा ३/८ औंस वजन, चार इंची बारीक वर्म.

गळ पालोमार गाठीने बांधा, पण मोकळं टोक दोन फूट लांब ठेवून. गाठ बसली की ते टोक गळाच्या कडीतून परत घाला, ज्या बाजूला गळाचं टोक वर बघतं त्या बाजूने खाली. मग वजन खाली लोंबलं की गळ आडवा, टोक वर करून उभा राहतो. चुकीच्या बाजूने घातलं तर गळ खाली मान घालतो आणि मासा लागत नाही. बहुतेकांची ही रिग इथेच बिघडते.

वजनाच्या वरच्या चिमट्यात लाइन ओढून अडकवायची, पक्की गाठ मारायची नाही. वजन दगडात अडकलं तर जोराने ओढल्यावर तेवढंच सुटून राहतं आणि बाकी रिग हातात येते. दगडांत आणि गवतात बारीक नळकांड्याचं वजन घ्या, मोकळ्या तळावर गोल.

हलवायचं कसं, यात सगळी कला. वजन जागचं हलता कामा नये. लाइन किंचित सैल सोडून फक्त तो सैलपणा थरथरवा. वर्म जागच्या जागी थरथरते. त्यानंतर दहा सेकंद काहीच करू नका.

न्यू जर्सीतलं राउंड व्हॅली, मिसुरी-आर्कान्साच्या सीमेवरचं टेबल रॉक यांसारखी खोल, स्वच्छ पाणी आणि ईरी किंवा सेंट क्लेअर सरोवरातला स्मॉलमाउथ ही या रिगची खरी ठिकाणं. ईरीत वारा आणि पंचवीस-तीस फूट खोली एकत्र आली तर अर्ध्या औंसाशिवाय भागत नाही.

७. नेड आणि शेकी हेड: मासे तोंड फिरवून बसले की

नेड रिग म्हणजे छत्रीच्या आकाराचं लहान जिग हेड (गळावरच ओतलेलं वजन), १/१५ किंवा १/१० औंस, आणि त्यावर पावणेतीन इंचांचा स्टिकचा तुकडा. कॅन्ससचे नेड केडी यांच्या नावावरून ती ओळखली जाते. फेका, तळाला जाऊ द्या, हळू ओढा. थंडीची लाट येऊन गेल्यावर किंवा गर्दीच्या तळ्यावर हीच मासा देते. गळाचं टोक उघडं असल्याने झाडाझुडपांत टाकलीत तर हेड गमावून बसाल.

तरंगणाऱ्या प्लास्टिकने शेपूट तळावर उभी राहते, म्हणून नेडसाठी इलॅझटेक हे तरंगणारं प्लास्टिक लोकप्रिय आहे. पण हे प्लास्टिक साध्या प्लास्टिकबरोबर एका पाकिटात ठेवू नका. दोन्ही वितळून डब्यात चिकट लगदा होतो. ते मूळच्या पाकिटातच राहू द्या.

शेकी हेड गोल डोक्याचं, १/८ ते १/४ औंस, सहा इंची सरळ वर्मसाठी. त्यात गळाचं टोक टेक्सससारखं लपवता येतं, म्हणून खडी आणि विखुरलेल्या दगडांत नेडपेक्षा ते बरं.

८. रॉड, लाइन, गाठ

दोन संच पुरतात. टेक्सस आणि कॅरोलिनासाठी सात फुटी मीडियम-हेवी (जरा ताठ), फास्ट (फक्त टोकाशी वाकणारा) रॉड आणि बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, फिरत्या ड्रमचं रीळ). बेटकास्टरची सवय नसेल तर मीडियम-हेवी स्पिनिंगही (रीळ रॉडखाली असलेला संच) चालेल, लाइनचा गुंता सोडवण्यात सकाळ घालवण्यापेक्षा ते बरं. ड्रॉप शॉट, नेड, शेकीसाठी सात फुटी मीडियम स्पिनिंग, त्यावर १० पौंडी वेणीची लाइन आणि आठ-दहा फूट फ्लुरोकार्बन लीडर, डबल युनी गाठीने जोडलेला.

फ्लुरोकार्बन बुडते, वेणीची लाइन तरंगते. दगडांत नुसती वेणी वापरू नका, ती घासून पटकन तुटते. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की फ्लुरोकार्बन तापते, पांढुरकी वळी पडते आणि पहिल्या मोठ्या माशाला तिथेच तुटते. मासा लागल्यावर किंवा दगडात अडकल्यावर शेवटचा दोन फूट भाग बोटांत धरून फिरवा. खरखरीत लागला की कापा आणि नव्याने बांधा.

९. चावा आणि झटका

बास तळावरचं आमिष घेतो तेव्हा कधी 'टक्' असा एक ठोका येतो, कधी नुसतंच जड वाटतं, कधी लाइन स्वतःहून बाजूला सरकते. शंका आली तर सैल लाइन गुंडाळा आणि वजन जाणवतं का बघा. टेक्सस रिगमध्ये टोक लपलेलं असतं, म्हणून रॉड वर मारून जोराचा झटका लागतो. कॅरोलिनात रॉड आडवा लांब ओढा. ड्रॉप शॉट आणि नेडमध्ये झटका अजिबात नको. गळ बारीक असतो, नुसतं रीळ फिरवत रॉड उचला. टेक्ससच्या ताकदीने ड्रॉप शॉट मारला तर लाइन तुटते किंवा ओठ फाटून मासा सुटतो.

पहिल्या दिवसासाठी एवढंच घ्या:

- १/४ आणि ३/८ औंस टंगस्टन बुलेट, प्रत्येकी तीन. स्टॉपरचं एक पाकीट
- ३/० ईडब्ल्यूजी गळ पाच. १ नंबरचे ड्रॉप शॉट गळ पाच
- १/४ औंसाची ड्रॉप शॉट वजनं सहा, ती जास्त जातात
- पाच इंची स्टिक, ग्रीन पंपकिन रंगात. पाणी गढूळ असेल तर काळा-निळा
- लांब नाकाची पक्कड, लाइन कापायची कात्री, मोजपट्टी, परवाना

हात ओले करूनच मासा धरा, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो. गळ खोल घशात गेला असेल आणि पक्कडीने सहज सुटत नसेल, तर ओढाताण न करता लाइन जवळून कापून मासा सोडा. फाटलेल्या वर्म पाण्यात टाकू नका, मासे त्या गिळतात आणि पोटात त्या फुगतात. एक रिकामं पाकीट त्यासाठी खिशात ठेवा.